वाजवणाऱ्याच्या कानाचे काय?

एप्रिल लागला की आमच्या वस्तीत संध्याकाळी सातनंतर कुणी कुणाला हाक मारत नाही. मारून उपयोग नसतो. विहारामागच्या मोकळ्या जागेत बेंजो पार्टीची तालीम सुरू झालेली असते. ताशा, ढोल, ड्रमसेट, ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि मधोमध बेंजोवर भीमगीताची चाल. पोरे आपलीच. कुणी दिवसा नाक्यावर कामाला उभा राहतो, कुणी पार्सल पोहोचवतो, कुणी कंत्राटी सफाईत आहे. वाजवण्यावर घरात चार पैसे जास्तीचे येतात. जयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत, मग गणपती, नवरात्र, मग लग्नसराई, अशी पार्टी वर्षभर फिरत असते.

मिरवणूक झाली की दुसऱ्या दिवशी आवाजाची चर्चा होते. कुठल्या चौकात किती डेसिबल, किती मंडळांवर गुन्हे. त्यात रस्त्याकडेच्या सोसायट्यांचा त्रास असतो, आजारी माणसांचा असतो, म्हाताऱ्यांचा असतो. तो खराच आहे. पण ज्या पोराच्या छातीला ताशा बांधलेला आहे, ज्याच्या डोक्यामागे हातभर अंतरावर टेम्पोवरचा भोंगा आहे आणि जो सहा-सात तास तिथून हलू शकत नाही, त्याच्या कानाबद्दल एक ओळ आम्ही कधी वाचली नाही. आपल्या लोकांनीही ती लिहिली नाही. म्हणून या वेळचे आरोग्याचे पान त्याच्यासाठी.

आधी आमचीच एक चूक सांगतो. आम्ही तेव्हा नर्सिंगचा डिप्लोमा करून एका सरकारी रुग्णालयात कान-नाक-घशाच्या ओपीडीत होतो. एक जोडपे आले. नवरा तिशीच्या आतला, अंगाने चांगला. बायको म्हणाली, "सिस्टर, हे माझं ऐकतच नाहीत." आम्ही हसून म्हणालो, "कुणाचा नवरा ऐकतो, बाई?" रांगेतले सगळे हसले. तोही हसला. कानात थोडा मळ होता, तो मऊ करायचे थेंब लिहून दिले गेले आणि जोडपे घरी गेले. त्याला काम काय करतो हे कुणी विचारले नाही. केसपेपरवर 'मजुरी' असे लिहिलेले होते.

नोकरी सोडून वस्तीत काम करू लागल्यावर सात-आठ वर्षांनी तोच भाऊ आमच्या तपासणी शिबिरात समोर बसला. आम्ही ओळखले नाही, बायकोने ओळखले. तो पंधराव्या वर्षापासून ताशा वाजवत होता. ऑडिओमेट्रीचा कागद आला, त्यावरची रेघ सरळ येत-येत एका जागी खड्ड्यात पडावी तशी खाली गेली होती. गोंगाटाने गेलेल्या कानाची ही ओळखच असते. चार हजार हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बारीक, टोकदार आवाजांच्या जागी, तो खड्डा आधी पडतो. माणसाला ढोलाचा ठोका ऐकू येतो, बसचा हॉर्न ऐकू येतो, म्हणून त्याला वाटते आपला कान शाबूत आहे. पण बोलण्यातले स, श, फ, ख हे वर्ण निसटू लागतात. 'पाच' म्हटले की 'पास' हे त्याला कळत नाही. बायकोचा आणि लहान मुलांचा आवाज बारीक, म्हणून तोच आधी हरवतो. मित्रांच्या जाड आवाजात गप्पा नीट चालतात. मग घरात भांडण. "मुद्दाम करतो, बाहेर बरं ऐकू येतं याला." त्या माउलीचे पहिले वाक्य आम्ही विनोदात घालवले होते. ते लक्षणच होते.

आता कानाचे काय होते ते थोडक्यात. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव आहे. त्यात सुमारे पंधरा हजार नाजूक पेशी असतात, त्यांच्या टोकाला केसांसारखे तंतू. आवाजाने हे तंतू हलतात आणि मेंदूला निरोप जातो. फार मोठा आवाज फार वेळ आला की ते आडवे होतात. मिरवणुकीनंतर कानाला दडे बसतात, शिट्टी वाजल्यासारखे होते, ते यामुळे. विश्रांती मिळाली तर बरेचसे सावरतात, एक-दोन दिवसांत कान मोकळा झाल्यासारखा वाटतो. आणि पोरे म्हणतात, "होतं ते, सकाळी उतरतं." दारूसारखे बोलतात अगदी. पण दर वेळी थोड्या पेशी मरतात. मेलेली पेशी माणसात परत उगवत नाही. औषध नाही, ऑपरेशन नाही. नंतर कानातली ती शिट्टी उतरायची थांबते. आमचा तो ताशावाला भाऊ म्हणतो, "दिवसा काही नाही ताई, पण रात्री दिवा घालवला की कानात रातकिडे सुरू होतात." तो पंख्याचा आवाज ऐकत झोपतो.

किती आवाज, किती वेळ, याचा एक हिशोब जगभर वापरला जातो. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास ही मर्यादा. त्यापुढे दर ३ डेसिबलला आवाजाची ताकद दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करायचा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटे. ताशा आणि ड्रम वाजवणाऱ्याच्या कानाशी शंभराच्या वर सहज जातात. म्हणजे विहारापासून मिरवणूक पहिल्या चौकात पोहोचेपर्यंत त्या पोराचा दिवसभराचा वाटा संपलेला असतो, आणि पुढे सहा तास उरलेले असतात.

या आठ तासांवर आम्ही थोडे थांबतो. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ ची, त्यांच्याच खात्याची. कामगाराचे शरीर ही फुकट वापरायची वस्तू नव्हे, हा त्यामागचा विचार. आज कारखान्यात गोंगाटाने कान गेला तर तो कायद्याने कळवावा लागणारा रोग आहे, कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातही तो व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. पण बेंजोवाल्या पोराचा मालक कोण? पार्टीचा मास्टर म्हणतो, मी पण वाजवतोच की. मंडळ म्हणते, आम्ही फक्त सुपारी दिली. पोरगा कुणाचाच कामगार नाही, म्हणून त्याचा कानही कुणाच्या हिशोबात नाही.

अपंगत्वाचा दाखला मिळेल का, असे त्या भावाच्या बायकोने विचारले. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात 'ऐकू कमी येणे' याची व्याख्या दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यात ६० ते ७० डेसिबलची हानी अशी आहे, आणि ७० च्या पुढे बहिरेपणा. गोंगाटाचा खड्डा पडतो तो बारीक आवाजाच्या पट्ट्यात. त्यामुळे संसारात रोज अडखळणारा माणूस कागदावर बहुधा धडधाकटच राहतो. नाही, असे तिला सांगावे लागले.

आता दुखऱ्या जागेवर येतो. "आवाज कमी करा" म्हटले की आपल्या वस्तीत कपाळावर आठी पडते, आणि ती उगाच पडत नाही. वर्षभर सगळ्यांचे ढोल, सगळ्यांचे डीजे चालतात, आणि १४ एप्रिल आला की काहींना अचानक कायदा आठवतो. हा दुटप्पीपणा आम्ही पाहिला आहे, त्याला उत्तरही दिले आहे. ज्या समाजाला गावात मोठ्याने बोलायची बंदी होती, त्याची पोरे भर चौकातून वाजवत जातात, याचे मोल आम्हाला कळते. आमच्या आजोबांच्या पिढीत हलगी गळ्यात सक्तीने यायची. गावकीचे काम म्हणून वाजवायची, आणि वाजवून झाल्यावर दूर उभे राहायचे. ती सक्ती आपण नाकारली. आज पोरगा स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या नेत्यासाठी वाजवतो. म्हणूनच विचारतो की, सक्ती गेली तरी अंगाची झीज त्याचीच आणि नाचायचे आपण, हे कसे चालते? टीकाकारांचे तोंड बंद करायला वाढवलेला भोंगा त्यांच्या गॅलरीत पोहोचेपर्यंत बराच विरतो. आपल्या पोराच्या कानात तो पुरता जातो.

वाजवणे बंद करा असे आम्ही म्हणत नाही. कान झाकून वाजवा, एवढेच म्हणतो. यावर पहिले उत्तर येते, "कापूस घालतो की." कापूस जवळजवळ काही अडवत नाही, नुसते समाधान देतो. मोबाइलचे इअरफोन नुसते खोचल्यानेही भागत नाही. आणि वाजवून आल्यावर कानात गरम तेल, लसणाचे तेल घालणे तर अजिबात नको. इजा झाली आहे ती पडद्याच्या आत, तेल तिथे पोहोचतच नाही. पडद्याला भोक असेल तर मात्र पू होऊन नवे दुखणे.

उपयोगी पडते ते फोमचे इअरप्लग. मेडिकलमध्ये किंवा कारखान्यांचे सुरक्षा साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतात, जोडी साधारण वडापावच्या किमतीत. पाकिटावर ३० च्या आसपास आकडा छापलेला असतो, पण तेवढा बचाव नीट बसवला तरच. नुसता कानाच्या तोंडाशी चिकटवला तर निम्माही होत नाही. बसवायची पद्धत अशी. हात स्वच्छ धुवायचे. प्लग बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतली वाट सरळ होते. प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. मग तोंड मिटून 'हूं' करून बघायचे. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला तर बसला. मळला, कडक झाला की फेकायचा, आणि एकमेकांचा वापरायचा नाही. कान फुटलेला असेल, वाहत असेल तर आधी डॉक्टर.

वाजवणाऱ्यांची तक्रार असते, "ताल कळत नाही, सगळं गादीखालून आल्यासारखं वाटतं." तक्रार बरोबर आहे. फोम बारीक आवाज जास्त कापतो आणि जाड आवाज कमी, त्यामुळे झांजेची धार जाते आणि नुसता धबधबा उरतो. यासाठी वादकांचे वेगळे प्लग असतात. त्यांत बारीक गाळणी असते आणि सगळे आवाज जवळपास सारखेच खाली येतात, गाणे तसेच राहते, फक्त दुरून आल्यासारखे. अमेरिकेत असे प्लग १९८८ पासून विकले जातात. आता आपल्याकडेही ऑनलाइन काही शे रुपयांपासून मिळतात, धुऊन वर्षभर वापरता येतात. मात्र मिरवणुकीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, नाहीतर वैतागून पहिल्याच चौकात काढून टाकाल. तालमीपासून घाला. आठवडाभरात हाताला नवा अंदाज येतो. ढोलाचा ठोका तसाही कानापेक्षा छातीला आणि पायांना जास्त कळतो, हे वाजवणाऱ्याला आम्ही काय सांगावे.

स्टेजवरच्या कार्यक्रमाची गोष्ट निराळी. भीमगीतांचा जलसा असो की लग्नाचा ऑर्केस्ट्रा, तिथे वादकाच्या पायाशी त्याच्याकडे तोंड करून मॉनिटर स्पीकर ठेवलेला असतो. ड्रमवाला जोरात वाजवतो, म्हणून गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. तो साउंडवाल्याला खूण करतो, वाढव. गायक वाढला की कीबोर्डवाला खूण करतो. शेवटी ड्रमवाला आणखी जोरात. तासाभरात स्टेजवरचा आवाज प्रेक्षकांपेक्षा जास्त झालेला असतो.

यावर उपाय म्हणजे इन-इअर मॉनिटर. मोठ्या गायकांच्या कानात दिसते ते, पण आता ते फक्त त्यांच्यापुरते राहिलेले नाही. हे इअरफोन कानाची वाट घट्ट बंद करतात, म्हणजे आधी प्लगचे काम करतात, आणि मग आतून वादकाला हवे तेवढेच ऐकवतात, थोडा गायक, थोडा बेंजो, थोडा ठेका. ड्रमवाला तर एका जागी बसलेला असतो, त्याला महागड्या बिनतारी सेटची गरज नाही. मिक्सरमधून एक लांब वायर, मध्ये हेडफोनचा छोटा अँप्लिफायर, आणि हजार-दोन हजारांपासून मिळणारे तारेचे इअरफोन एवढ्यावर भागते. कानाचा साचा घेऊन बनवलेले उत्तम, पण त्यांची किंमत कित्येक हजारांत जाते. ब्लूटूथचे मात्र चालणार नाहीत. त्यात आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो आणि तालाचा बट्ट्याबोळ होतो.

पण हे दुधारी आहे. घट्ट न बसणारा रबरी टोपण असला की बाहेरचा गोंगाट आत येतो, जाड आवाज पळून जातो, आणि पोरगा आवाज वाढवत नेतो. मग कानाच्या आतच भोंगा बसवल्यासारखे होते. तीन-चार मापांची टोपणे बरोबर येतात, ती दोन्ही कानांना लावून बघा. दोन कानांना वेगवेगळे माप लागू शकते. एका कानातला काढून ठेवायची अनेकांना सवय असते, लोकांचा आवाज ऐकायला म्हणून. तसे केले की उघडा कान मार खातो आणि बंद कानात आवाज वाढवावा लागतो, म्हणजे दोन्ही गेले. माइकची किंचाळी किंवा पिन उपटल्याचा धडाका थेट कानात जाऊ नये म्हणून साउंडवाल्याकडून लिमिटर लावून घ्या. आणि आवाज ठेवायचा तो ड्रम वाजवायला सुरुवात करण्याआधी, शांततेत.

मिरवणुकीत चालणाऱ्या ताशेवाल्याला मात्र इन-इअरचा फायदा नाही, हे स्पष्ट सांगतो. घाम, गर्दी, वायर, आणि कोण मिक्स करणार? त्याने प्लगच वापरावा. पार्टीने टेम्पोवरचे भोंगे वादकाच्या डोक्याच्या वर आणि पुढे तोंड करून बांधावेत. उघड्यावर एका स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज ६ डेसिबलच्या आसपास उतरतो, म्हणजे हिशोबाने वेळ चौपट मिळतो. हात-दोन हातांनी इतका फरक पडतो. तासाभराने दोन पोरे बदलीला घ्या आणि सुटलेल्यांना बाजूच्या गल्लीत पाठवा, स्पीकरला टेकून बिडी ओढायला नको. आणि टेम्पोवर भोंग्याशेजारी लहान पोरांना फोटोसाठी बसवतात, ते आधी बंद करा. आम्ही दर वर्षी खाली उतरवतो, दर वर्षी शिव्या खातो.

पैसे कुणी द्यायचे? आमचे मत ठरलेले आहे, मंडळाने. सुपारी ठरवताना टेम्पो, जनरेटर, नाश्ता, फेटे यांचे पैसे धरतात. त्यातच वादकांच्या प्लगची ओळ लिहा. वीस वादकांच्या पार्टीला फोमचे प्लग फेट्यांच्या खर्चात कुठे दिसणारही नाहीत. वादकांचे चांगले प्लग घ्यायचे तर वर्गणीतून एका डीजेची एक रात्र कमी करा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या जागांसाठी मानक काढले, त्यात सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा आहे, सतत मोजमाप आहे, कान वाचवायची साधने आणि शांत जागा देणे आहे. मोबाइलवर आवाज मोजायचे फुकट अॅप मिळते, आकडा अगदी काटेकोर नसतो पण अंदाज येतो. समितीतल्या एका मुलीला ते काम द्या. मुलगी म्हणतो, कारण पोरे आकडा वाढला की खूश होतात.

पार्टीच्या मास्टरांना एक वेगळे सांगणे. कान दुखतो, दडे बसलेत असे पोरगा म्हणाला तर त्याला नाजूक म्हणून हिणवू नका. दडे दुसऱ्या दिवशीही उतरले नाहीत, किंवा एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, चक्कर आली, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या. अचानक गेलेल्या कानावर पहिल्या काही दिवसांतच उपचार लागू पडतात. महिन्याने आलेल्या माणसाला बहुधा मशीनच सुचवावे लागते.

तक्रार नसली तरी वर्षातून एकदा ऑडिओमेट्री करून घ्या. मुंबईत नायर रुग्णालयात आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ती होते. इतर शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारा. तपासणी दुखत नाही, बंद खोलीत हेडफोन लावून आवाज आला की बटण दाबायचे असते. जाण्याआधी निदान १६ तास वाजवू नका, डीजेजवळ उभे राहू नका, हेडफोन लावू नका, नाहीतर तात्पुरते दडेच कागदावर येतात. रिपोर्टची झेरॉक्स जपून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच्याशीच ताडून बघायचे आहे. आणि केसपेपर काढताना खिडकीवरच्या माणसाने "काम काय करता?" विचारले, तर नुसते मजुरी सांगू नका. ताशा वाजवतो, एवढी वर्षे झाली, असे त्याला लिहायला लावा.